उत्साहात संपन्न

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या थंडीत आमच्या जिल्ह्यात एक मॅरेथॉन झाली. आयोजकांचं नाव लिहीत नाही, कारण नाव घेतलं की चर्चा त्या एकाच मंडळावर जाऊन थांबते आणि बाकीचे सुटतात. शर्यत दहा किलोमीटरची. (मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, पण आपल्याकडे पन्नास माणसं एका दिशेने पळाली की मॅरेथॉन. तो वाद आज नको.) फी सातशे रुपये. सुटायची वेळ सकाळी सहा. पाहुणे आले सातला. मग सत्कार, मग झुम्बा, मग ड्रोनसाठी सगळ्यांनी हात वर करायचे. झेंडा फिरला तेव्हा साडेसात वाजायला आले होते. आपल्याकडे थंडीतही साडेसातनंतर समुद्राकाठी काय घाम निघतो ते वेगळं सांगायला नको. अंगावरचा घाम वाळतच नाही, नुसता गळतो.

सहाव्या किलोमीटरच्या टेबलावरचं पाणी संपलं होतं. रिकाम्या बाटल्या तेवढ्या रस्त्यावर. आठव्याच्या आसपास एक पोरगा कोसळला. वय वीसेक, संगमेश्वरकडचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. पाच हजारांच्या पहिल्या बक्षिसासाठी आला होता आणि तिसऱ्या नंबरावर होता. ॲम्ब्युलन्स होती, नाही असं नाही. पण ती स्टेजच्या मागे उभी होती आणि तिच्यापुढे पाहुण्यांच्या गाड्या लागल्या होत्या. शेवटी मासळी उतरवून परत चाललेल्या एका टेम्पोवाल्याने त्याला दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं, संध्याकाळी घरी गेला. बरा आहे.

मी तिथे बातमीसाठीच होतो. दुसऱ्या दिवशी बातमी आली, माझ्याच हातची. मथळा होता 'मॅरेथॉन उत्साहात संपन्न'. त्या पोराबद्दल एक ओळही नव्हती. त्याच पानावर खाली आयोजकांची पाव पान जाहिरात होती. वीसेक वर्षं या धंद्यात आहे, कुठली बातमी कुठल्या जाहिरातीच्या शेजारी बसते ते मला कुणी शिकवायला नको. आजची पोस्ट थोडीफार त्याचीच भरपाई समजा.

तेव्हापासून पळण्याच्या शर्यतींचा इतिहास वाचत बसलो. म्हटलं, हे सगळं आपल्याकडेच असं आहे का? नाही. याचा बाप अमेरिकेत होऊन गेलाय.

साल १९०४, गाव सेंट लुईस. तिसरं आधुनिक ऑलिंपिक. खरं तर ते शिकागोला व्हायचं, पण सेंट लुईसमध्ये त्याच वर्षी मोठी जागतिक जत्रा भरणार होती. जत्रेवाल्यांनी जोर लावला आणि ऑलिंपिक जत्रेला जोडून घेतलं. म्हणजे खेळ हा मुख्य कार्यक्रम नव्हताच, जत्रेतला एक पाळणा होता. मॅरेथॉन ३० ऑगस्टला, भर दुपारी तीनच्या सुमाराला सुटली. पारा ३२ अंशांच्या आसपास, रस्ता कच्चा, चढउतारांचा. पंच आणि डॉक्टर मोटारीतून पुढे-मागे, त्यांच्या चाकांची धूळ धावणाऱ्यांच्या नाकातोंडात. वाटेत एका विहिरीचं पाणी, तेवढीच काय ती धड सोय. आणि ही चूक नव्हती बरं का! मुख्य आयोजक जेम्स सुलिव्हन यांना पाण्यावाचून माणसाचं शरीर कसं वागतं ते बघायचं होतं. आमच्याकडच्या आयोजकांनी निदान प्रयोग म्हणून तरी पाणी तोडलेलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

सुटले ३२ जण, पोचले १४. विल्यम गार्सिया नावाचा धावपटू धूळ पोटात जाऊन रक्तस्राव झाल्याने रस्त्यावर पडला, मरता मरता वाचला. फ्रेड लॉर्झ थकला म्हणून मोटारीत बसला, पुढे उतरून पळत स्टेडियममध्ये शिरला. लोकांनी त्यालाच विजेता समजून जल्लोष केला! खरा विजेता थॉमस हिक्स. त्याला त्याच्या माणसांनी वाटेत स्ट्रिक्निन आणि ब्रँडी पाजत पाजत आणलं. स्ट्रिक्निन म्हणजे उंदीर मारायचं विष. दक्षिण आफ्रिकेचे दोघे जण जत्रेतल्या बोअर युद्धाच्या खेळात काम करायला आले होते, तेही पळाले. त्यातला लेन ताऊ कुत्रं मागे लागल्यामुळे मार्ग सोडून लांब पळाला, तरी नववा आला.

हसू येतं. पण वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमचं ते स्टेज आणि त्याच्यामागे अडकलेली ॲम्ब्युलन्स येत होती. जत्रा मोठी झाली की पळणारा माणूस तिच्यातला देखावा होतो, हे तेव्हाच ठरून गेलं होतं.

आता आपल्याकडे या. १९१९, पुणे. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा मैदानात बसलेले. आसपासच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळतायत, ना कुणी शिकवलेलं ना पायात बूट. आणि दोराबजींच्या लक्षात आलं की यांची वेळ तर युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जातेय. पुढच्याच वर्षी बेल्जियममध्ये अँटवर्पला ऑलिंपिक होतं. टाटांनी स्वतःच्या खिशाला हात घातला, सरकारकडे आणि इतरांकडे शब्द टाकला, आणि भारताचा पहिला संघ बोटीत बसला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते.

२२ ऑगस्ट १९२० रोजी चौगुले ऑलिंपिक मॅरेथॉन पळाले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, नंबर एकोणिसावा. ती मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच. बेळगावचा माणूस, शंभर वर्षांपूर्वी, आठवड्यांचा बोटीचा प्रवास करून, परक्या हवेत जगात एकोणिसावा. आमच्या शाळेच्या पुस्तकात हे नाव मला तरी कधी भेटलं नाही. आज आपल्या शर्यतींच्या बॅनरवर सतरा फोटो असतात, त्यातला एकही चौगुल्यांचा नसतो. असो.

मुद्दा असा की पैसा त्या शर्यतीतही होता. धनवानाचाच होता. पण तो खेड्यातल्या पोराकडून वर जात नव्हता, वरून त्याच्याकडे येत होता.

पुढची साठ वर्षं पळणं हा आपल्याकडे पोलीस, सैन्य, रेल्वे आणि शाळेच्या क्रीडादिनाचा विषय राहिला. सैन्यातल्या शिवनाथ सिंगांनी १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पळली. तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून जास्त टिकला. यावरूनच ओळखा, टी-शर्टांची संख्या वाढली म्हणून पाय वेगात पळतात असं नाही.

सामान्य नोकरदार माणूस रस्त्यावर पळू लागला तो मुख्यतः न्यूयॉर्कमुळे. १९७० ला तिथली पहिली मॅरेथॉन सेंट्रल पार्कमध्ये झाली तेव्हा १२७ जणांनी नावं दिली होती, पूर्ण केली ५५ जणांनी, फी होती एक डॉलर. १९७६ ला ती शहराच्या पाचही भागांतून काढली आणि मग जगातल्या प्रत्येक शहराला आपली एक मॅरेथॉन हवीशी वाटायला लागली. पुण्याने ती १९८३ ला सुरू केली, सुरेश कलमाडींच्या पुढाकाराने. कलमाडींचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण ही गोष्ट त्यांनी केली ती केलीच. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करायला पुण्यात होतो तेव्हा डिसेंबरातल्या एका रविवारी डेक्कनला उभा राहून ती पाहिली. पुढून केनिया-इथिओपियाचे धावपटू वाऱ्यासारखे गेले, मागून शाळकरी पोरं, आणि त्यांच्यात एक आजोबा धोतर खोचून. बघे फुकट, टाळ्या फुकट. ज्या डेक्कनवर दोराबजींनी अनवाणी पोरं पाहिली तिथेच मी उभा आहे हे तेव्हा मला माहीतही नव्हतं.

२००४ ला मुंबईची मॅरेथॉन आली. ती पहिल्यापासूनच व्यावसायिक. कंपनीने भरवलेली, बँकेचं नाव लावलेली. २०१८ पासून नाव टाटांचं. इथे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की ती शर्यत नीट चालते. रस्ते वेळेवर बंद होतात, पाणी असतं, डॉक्टर असतात, संस्थांना देणग्या मिळतात. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर तिथे २०१२, १३ आणि १४ अशी सलग तीन वर्षं भारतीय महिलांत पहिली आली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाली. तेव्हा पैसे घेतले म्हणजे शर्यत वाईट, असलं काही मी म्हणत नाहीये.

माझी तक्रार वेगळी आहे. मुंबईच्या शर्यतीचं वरचं वरचं सगळं तालुक्यापर्यंत आलं. कमान, डीजे, गळ्यातलं मेडल, सेल्फीची चौकट, पिशवीत शांपूच्या पुड्या. जे दिसत नाही ते वाटेतच राहिलं. पळणाऱ्याला लागतं ते नेमकं न दिसणारं.

अंतराचंच घ्या. रस्त्यावरच्या शर्यतीचं अंतर मोजायची रीत ठरलेली आहे. सायकलच्या चाकाला एक छोटं मोजयंत्र लावतात, आधी पट्टीने मोजलेल्या सरळ तुकड्यावर ती सायकल चालवून यंत्र जुळवून घेतात, मग वळणांवर आतली कड धरून सगळा मार्ग मोजतात. वर दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात, म्हणजे चुकून कमी भरायला नको. दोन-चार तासांचं काम आहे. ते कोण करतं? गुगल मॅपवर बोट फिरवलं की झालं. अर्थात साहेबांच्या देशातही चुका होतात. २०१३ मध्ये इंग्लंडात सुंदरलँडच्या मॅरेथॉनला दुसऱ्या नंबरचा धावपटू चुकीच्या वळणाने गेला आणि मागचे जवळजवळ पाच हजार जण त्याच्या मागोमाग! सगळ्यांचं अंतर २६४ मीटर कमी भरलं, सगळे बाद, शर्यत पूर्ण केली म्हणायला एकटा पहिला आलेला. पण ते २६४ मीटर मोजले गेले आणि जाहीर झाले. आमच्या त्या दहा किलोमीटरला पळणाऱ्यांच्या घड्याळांनी पावणेनऊ दाखवलं. घड्याळं थोडी इकडेतिकडे होतात हे मान्य, सव्वा किलोमीटर होत नाहीत. ज्याला भरतीसाठी आपली वेळ सेकंदात माहीत हवी असते, त्याच्या दृष्टीने ही वेळ खोटी.

पाण्याचं तसंच. साधारण दर पाच किलोमीटरला पाणी हा जगभरचा नियम. आपल्या दमट हवेत तीनला हवं. आणि हवा आवाक्याबाहेर गेली तर थांबवायचं धाडस हवं. २००७ ला शिकागोत ऑक्टोबर महिन्यात पारा ३१ वर गेला, पाणी कमी पडलं, एक जण दगावला. आयोजकांनी हजारो लोक रस्त्यात असताना शर्यत बंद केली. बोलणी खाल्ली, पण केली. २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातल्या शंभर किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारपीट आणि बोचरा वारा सुटला, १७२ पैकी २१ जण गारठून मेले. तिथे सह्याद्रीसारखेच उघडे डोंगर होते. आपल्याकडे आता घाटातल्या, पावसातल्या शर्यतींची टूम निघाली आहे, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आणि सातशे रुपये. शहरातल्या डॉक्टर-इंजिनिअरला सातशे काही नाहीत, त्यांनी जरूर द्यावेत आणि पळावं. पण बारामतीच्या लता करे आठवतात? साठी उलटलेली बाई, नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून नऊवारीत अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या. २०२० ला त्यांच्यावर सिनेमा आला, आपण सगळे रडलो. त्या दिवशी प्रवेशाच्या टेबलावर सातशे मागितले असते तर? आमचा तो संगमेश्वरचा पोरगा. त्याची आई काजूच्या फॅक्टरीत जाते. तिच्या दोन दिवसांच्या मजुरीचे पैसे भरून तो पाच हजार जिंकायला आला होता, आणि त्याला सहाव्या किलोमीटरला ग्लासभर पाणी मिळालं नाही. गेल्या महिन्यात त्याला भेटायला गेलो. म्हटलं, बाबा, तुझी बातमी मी द्यायला हवी होती. तो म्हणाला, "सर, ते जाऊ दे. मेडल पोचल्यावर द्यायचे, मी पोचलोच नाही, मग मला मिळेल काय?"

परवा मारुती मंदिराजवळ नवीन बॅनर लागलाय. पुढची शर्यत, दुसरे आयोजक, फी आठशे. खालच्या नंबरावर फोन केला.

"अंतर कसं मोजलंत हो?"

"गाडीने मोजलंय ना."

"कुठल्या?"

"माझीच. स्कूटर."

पाण्याची टेबलं किती, ते अजून ठरायचं होतं. ॲम्ब्युलन्सला पत्र दिलंय म्हणाले. मग त्यांनी ओळखलं. "अहो, तुम्ही पत्रकार ना? तुम्हाला फ्री आहे. फक्त बातमी चांगली लावा."

फ्री नको म्हटलं. आठशे रुपये भरले, दोन पाठवले म्हणून मोबाईलवर उलट मेसेजही केला. दुसरे आठशे संगमेश्वरच्या पोराच्या नावाने. पावती मागितली आहे, अजून आलेली नाही. त्या रविवारी मी पळणार आहे, मोजायचं चाक घेऊन आदल्या दिवशी मार्गही फिरणार आहे. कुणाकडे सायकल असेल तर सांगा.