क्षमापत्र आणि पराभव

भारतात राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात. अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि मतांनीच पायउतार होतो. क्षमादानाचा अधिकार अशा लोकनियुक्त व्यक्तीच्या हाती असला, की न्यायबुद्धी आणि लोकमत यांचा संघर्ष केव्हा तरी उभा राहतोच. इलिनॉय राज्याचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांचा १८९६ साली झालेला पराभव या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

४ मे १८८६ रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेच्या अखेरीस पोलिसांवर बॉम्ब फेकला गेला व त्या प्रकरणात सात पोलीस मृत्युमुखी पडले. बॉम्ब कोणी टाकला, हे सिद्ध झाले नाही. तरीही आठ अराज्यवाद्यांना दोषी ठरविण्यात आले. १८८७ मध्ये चौघांना फाशी झाली, एकाने तुरुंगात आत्महत्या केली. उरलेले तिघे कारावासात राहिले.

जर्मनीत जन्मलेले आल्टगेल्ड १८९२ साली निवडून आले. ते पूर्वी न्यायाधीश होते आणि दंडव्यवस्थेच्या बळींविषयी त्यांनी १८८४ मध्ये पुस्तक लिहिले होते. कैद्यांना दया दाखवावी, अशी मागणी शहरातील प्रतिष्ठित मंडळीही करीत होती. त्यामुळे दयेच्या चार ओळी लिहून प्रकरण मिटविणे शक्य होते. २६ जून १८९३ रोजी आल्टगेल्ड यांनी तिघांना मुक्त केले, ते मात्र प्रदीर्घ कारणमीमांसेसह. ज्युरीची निवड हेतुपुरस्सर झाली, न्यायाधीश पूर्वग्रहदूषित होते आणि पुरावा अपुरा होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. दयेने व्यवस्थेच्या प्रतिष्ठेला धक्का लागत नाही. या कारणांनी तर व्यवस्थाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली. मुक्ततेपेक्षा या कारणांचाच रोष अधिक झाला.

१८९४ च्या पुलमन संपात राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी शिकागोत परस्पर संघराज्याचे सैन्य धाडले. आल्टगेल्ड यांनी त्याचा निषेध केला आणि वृत्तपत्रांनी त्यांच्यावर अराज्यवादाचा शिक्का अधिकच गडद केला. १८९६ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या जॉन टॅनर यांनी त्यांना लाखाहून अधिक मतांनी पराभूत केले.

परंतु हा पराभव केवळ क्षमापत्राचे फळ मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १८९३ चे आर्थिक अरिष्ट आणि चांदीच्या चलनाचा वाद यांनी त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाला अनेक ठिकाणी मागे रेटले होते. अध्यक्षपदाचे उमेदवार ब्रायन हेही इलिनॉयमध्ये हरले. तेथे आल्टगेल्ड यांना त्यांच्यापेक्षा अधिक मते पडली.

१९०२ साली आल्टगेल्ड निवर्तले. इलिनॉयचेच कवी व्हॅचेल लिंडसे यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या कवितेचे शीर्षकच ‘विस्मृत गरुड’ अशा अर्थाचे आहे. क्षमापत्र मात्र विस्मृतीत गेले नाही. शपथपत्रे आणि खटल्यातील साक्षी यांच्या आधारे बांधलेला त्याचा युक्तिवाद हेमार्केट खटल्याच्या अभ्यासकांना आजही विचारात घ्यावा लागतो.