स्क्रीन काळी, दिवा लाल

२००५ चा पावसाळा. नाशिकरोडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात रात्री साडेनऊला आई कॉम्प्युटरवर एका क्लासची प्रश्नपत्रिका टाइप करत होती. घरबसल्या डीटीपीची कामं घ्यायची, पानामागे पैसे मिळायचे आणि कॉम्प्युटरचा हप्ता त्यातूनच जायचा. बीजगणिताची चाळीस गणितं होती, घातांक आणि वर्गमुळांसकट. पेपर सकाळी आठला द्यायचा होता. पस्तिसाव्या गणितावर स्क्रीन काळी झाली.

लाइट गेली नव्हती. पंखा फिरत होता. आईनं घाबरून बटण बंद करायला हात नेला, तेवढ्यात बाबा आतून ओरडले, "थांब, काही बंद करू नकोस! आधी दिवे बघ."

बाबा सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. कॉम्प्युटर त्यांना येत नव्हता, माउस धरला की बाण भलतीकडेच जायचा. पण बंद पडलेलं मशीन कसं बघायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. मॉनिटरचा दिवा हिरवा होता. कॅबिनेटचाही हिरवा. त्याच्या शेजारचा हार्ड डिस्कचा बारका लाल दिवा मधूनच लुकलुकत होता. मी कॅप्स लॉक दाबलं, कीबोर्डवरचा दिवा लागला. परत दाबलं, विझला.

"मशीन चालू आहे," बाबा म्हणाले. "फक्त दाखवत नाहीये. सेव्ह करताना काय दाबतेस? ते न बघता दाब."

आईनं कंट्रोल आणि एस दाबलं. लाल दिवा दोन-तीनदा भरभर लुकलुकला. सकाळी सहाला शेजारच्या काकांचा मॉनिटर उचलून आणून जोडला. पस्तीसच्या पस्तीस गणितं जागेवर होती.

मशीन बंद पडलंय की फक्त दिसत नाहीये? घरातल्या कॉम्प्युटरचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती सांगता येतो.

मुद्दाम केलेला काळोख

गंमत म्हणजे स्क्रीन आपोआप काळी होणं हा सुरुवातीला बिघाड नव्हताच, ती सोय होती. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे सीआरटीमध्ये, आतल्या बाजूला फॉस्फरचा थर असतो. इलेक्ट्रॉन त्यावर आदळले की तो उजळतो. तेच चित्र तासन्‌तास एकाच जागी राहिलं तर तिथला फॉस्फर झिजतो आणि मॉनिटर बंद असतानाही अक्षरांचे डाग दिसतात. डिसेंबर १९८३ मध्ये जॉन सोचा या अमेरिकन प्रोग्रामरनं 'सॉफ्टटॉक' मासिकात आयबीएम पीसीसाठी एक छोटा प्रोग्राम छापला. तीन मिनिटं कुणी कीबोर्डला हात लावला नाही, तर तो स्क्रीन काळी करायचा. हा पीसीवरचा पहिला स्क्रीनसेव्हर. त्यात रंगीत मासे नव्हते की उडते टोस्टर नव्हते. नुसता काळोख होता.

दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, मॉनिटरला वीज वाचवण्यासाठी झोपवायची पद्धत प्रमाणित झाली. कॉम्प्युटरनं चित्र पाठवणं थांबवलं की मॉनिटर स्वतःच अंधार करतो आणि बहुतेक मॉनिटरवर दिवा हिरव्याचा नारिंगी होतो. बाबांनी आधी दिवे बघायला लावले ते म्हणूनच उपयोगी पडलं. नारिंगी दिवा म्हणजे चित्र येतच नाहीये, दोष केबलमध्ये किंवा कॅबिनेटमध्ये. हिरवा दिवा आणि काळी काच म्हणजे चित्र येतंय, पण मॉनिटरला ते उमटवता येत नाहीये.

आमचा दिवा हिरवा होता. मेकॅनिकनं मॉनिटर उघडला आणि 'ड्राय सोल्डर' असं निदान केलं. सीआरटीला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात. ते तयार करणारा ट्रान्सफॉर्मर तापतो, थंड होतो, परत तापतो. वर्षानुवर्षं असं झालं की त्याच्या पायाभोवतीच्या सोल्डरला केसासारखी चीर पडते. डागणी एका मिनिटात झाली. मात्र त्यानं आम्हाला मॉनिटरजवळ फिरकू दिलं नाही. प्लग काढल्यावरही त्या काचेच्या नळीत जीव घेण्याइतका विजेचा साठा राहू शकतो.

पंचवटीनं आलेला कॉम्प्युटर

शेजारचा मॉनिटर आणून आपल्या मशीनला जोडणं आम्हाला जमलं, त्यामागेही इतिहास आहे. १९८१ मध्ये आयबीएमनं पीसी आणला तो बाजारात मिळणारे भाग वापरून, आणि त्याची रचना इतरांना कळेल अशी उघडी ठेवून. त्यामुळे एका कंपनीचा मॉनिटर, दुसरीची रॅम, तिसरीचा मदरबोर्ड एकत्र नांदू लागले. भारतात १९८४ च्या संगणक धोरणानं आयात सैल झाली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि कॉम्प्युटरच्या भागांवरचं आयातशुल्क उतरत उतरत २००५ पर्यंत शून्यावर आलं.

नाशिकमध्ये १९८९ पासून मुक्त विद्यापीठ होतं. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले. पण मशीन मात्र बऱ्याच घरांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायचं. कुणी माहीतगार सकाळी पंचवटी एक्स्प्रेसनं जायचा, दादरला उतरून लोकलनं ग्रँट रोड गाठायचा, दिवसभर घासाघीस करायचा आणि संध्याकाळच्या पंचवटीनं मदरबोर्डचे खोके मांडीवर घेऊन परतायचा. जोडणी घरी, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून. यालाच आपण 'असेंबल्ड' म्हणायचो.

असेंबल्ड मशीनबरोबर दुरुस्तीची एक पद्धतही घरात आली. संशय असलेला भाग काढायचा, चांगला लावून बघायचा. दोन रॅम असतील तर एकच लावायची. ग्राफिक्स कार्ड काढून मदरबोर्डवरच्याच पोर्टला मॉनिटर जोडायचा. प्रत्येक वेळी संशयाचं क्षेत्र अर्धं होत जातं. रॅमच्या सोनेरी पट्ट्या शाळेतल्या खोडरबरनं पुसायच्या, हा तर घराघरातला उपाय. तो हसण्यासारखा वाटतो, पण पट्टीवर धूळ आणि दमटपणाचा थर बसला की संपर्क तुटतो आणि खोडरबर तो थर काढतं, इतकं साधं आहे ते.

बाबांना ही पद्धत नवी नव्हतीच. नाशिक हे स्विचगिअर बनवणारं गाव. सातपूर-अंबडला एबीबी, सीमेन्स, क्रॉम्प्टन यांचे कारखाने. आधी सप्लाय बघायचा, मग जोडण्या, मग लोड, ही फिटरची शिस्त इथल्या हजारो घरांत डब्याच्या पिशवीतून रोज संध्याकाळी परत येत होती. कॉम्प्युटरनं तिला नवं काम दिलं.

दिव्याखाली अंधार

दुसरा काळोख २००६ च्या उन्हाळ्यात आला आणि तो जास्त चकवणारा होता.

त्या दिवसांत महाराष्ट्रभर लोडशेडिंग होतं. मागणी वाढत होती, नवी वीज येत नव्हती. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प २००१ पासून बंद पडलेला. ६ जून २००५ ला वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण झाल्या, पण तुटवडा तोच राहिला. नाशिकरोडवाल्यांना एकलहरे औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसायच्या, तिथे नुसते २१० मेगावॉटचेच तीन संच होते आणि त्यांच्या सावलीत राहणाऱ्या आमची लाइट जायची. "वीज इथं बनते आणि अंधार पण इथंच," असं लोक म्हणायचे. पण केंद्रात बनलेली वीज गावाची नसते. ती ग्रिडमध्ये जाते आणि तिथून ठरल्याप्रमाणे वाटली जाते.

म्हणून घरोघरी यूपीएस आले. लाइट गेली की यूपीएस मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायनं जवळपास तेवढाच वेळ, पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद, स्वतःच्या साठ्यावर तग धरावा अशी अपेक्षा असते. त्या फटीत सगळा खेळ चालतो. वर्षभर तो नीट चालला. मग एप्रिलपासून लाइट गेली, यूपीएस 'टीं' वाजला, की स्क्रीन काळी आणि मशीन पुन्हा सुरू. दुपारी उकाड्यात तर लाइट असतानाही.

आम्ही यूपीएसची बॅटरी बदलली. फरक शून्य. मग बाबांनी आमचा यूपीएस शेजारी नेऊन लावला, तिथे तो बिनतक्रार चालला. अर्ध्या मिनिटात अर्धं जग निर्दोष सुटलं. कॅबिनेट उघडलं, आणि मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी उभ्या असलेल्या बारक्या डब्यांपैकी चार डब्यांची टोपणं फुगलेली दिसली. एकाच्या डोक्यावर तपकिरी खपली होती.

फुगलेल्या टोपणांची साथ

ते कॅपॅसिटर होते. आतमध्ये ॲल्युमिनिअमची पातळ गुंडाळी आणि द्रवात भिजलेला कागद. त्यांचं काम विजेतले चढ-उतार पचवून प्रोसेसरला सपाट पुरवठा करण्याचं. ते थकले की जो धक्का मशीन एरवी सहज पचवतं, त्यानंच ते आडवं होतं.

नाशिकच्या उन्हानं आणि लोडशेडिंगनं त्यांना थकवलं, हे खरं, पण पुरतं नाही. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेले कॅपॅसिटर जगभर असे फुगत होते. स्वस्त आणि कमी रोध असलेला कॅपॅसिटर हवा म्हणून द्रवात पाण्याचं प्रमाण वाढवलेलं. पाणी ॲल्युमिनिअमला खातं आणि हायड्रोजन वायू तयार होतो. ते रोखणारी रसायनं द्रवात नीट घातली नसतील, तर डबा आतून फुगत जातो. टोपणावरची खाच स्फोट टाळण्यासाठीच असते, ती उमलते. यातले बरेचसे कॅपॅसिटर तैवानच्या कारखान्यांतले होते. एका जपानी कंपनीचं सूत्र चोरताना अर्धंच चोरलं गेलं, अशी कहाणी तेव्हा व्यापारी मासिकांतून फिरली. २००५ मध्ये डेल कंपनीनं असे मदरबोर्ड बदलून देण्यासाठी तब्बल ३० कोटी डॉलर बाजूला काढले.

ज्या साथीनं एवढ्या मोठ्या कंपनीला घाम फोडला, ती आमच्या घरात टीव्ही दुरुस्त करणाऱ्यानं निपटली. बाहेर आमरस होईपर्यंत चार नवे कॅपॅसिटर डागून झाले. ते मशीन पुढे पाच वर्षं चाललं.

आता काच सपाट आहे

पुढे मशीनच हा प्रश्न विचारायला शिकलं. २००७ मध्ये सर्वत्र आलेल्या विंडोज व्हिस्तापासून ग्राफिक्स दोन सेकंद गप्प बसलं, तर विंडोज त्याला स्वतःच हलवून उठवतं. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते ती अनेकदा यामुळे. विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून हे आपल्यालाही करता येतं. लॅपटॉपची स्क्रीन काळी दिसली तर तिरका टॉर्च मारून बघा. चित्र पुसट दिसलं तर मागचा प्रकाश गेलाय, बाकी सगळं चालू आहे.

फोनचंही तेच. काळा पडला तर दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. वाजला, थरथरला, तर तो जिवंत आहे, डिस्प्ले गेलाय. काहीच नसेल तर चार्जर आणि केबल बदलून बघा, मग पॉवरचं बटण जास्त वेळ दाबून ठेवा (काही फोनमध्ये आवाजाच्या बटणासोबत). क्रम अजूनही फिटरचाच आहे.

एक गोष्ट मात्र बदलली. आमचं मशीन पूर्ण जळालं असतं, तरी हार्ड डिस्क काढून शेजारच्या मशीनला लावली असती आणि पस्तीस गणितं मिळाली असती. आजच्या फोनमधलं स्टोरेज बोर्डलाच डागलेलं आणि एन्क्रिप्ट केलेलं असतं. बोर्ड गेला तर त्यातले फोटो, गेलेल्या माणसांचे आवाज, सगळं त्याच्याबरोबर जाऊ शकतं. त्याचा फायदाही आहे, चोराला ते मिळत नाही. पण शेजाऱ्याचा मॉनिटर उचलून आणण्याची वाट बंद झाली. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. सुटे भाग आणि माहिती ग्राहकाला मिळावी, हा त्यामागचा मुद्दा. तोपर्यंत आपल्या हातात उरतं ते एकच काम, काळोख व्हायच्या आधी दुसरीकडे प्रत ठेवणं.

आई आता फोनवरच लिहिते. आपोआप सेव्ह होतं, हे तिला माहीत आहे. तरी दर रविवारी ती फोनमधलं सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घेते आणि उतरवताना त्या पेन ड्राइव्हच्या बारक्या दिव्याकडे बघत बसते. तो लुकलुकायचा थांबला की मगच काढते.