चपळाईचे इंग्रजी शब्द आणि उजव्या हाताचा मान

मराठीत 'चपळ' हा एकच शब्द बहुतेक ठिकाणी चालून जातो. इंग्रजीत मात्र कौशल्यपूर्ण हालचालीसाठी अनेक शब्द असून प्रत्येकाची छटा निराळी आहे.

'ॲजाइल' हे विशेषण संपूर्ण शरीराच्या चापल्याला शोभते. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याला हुलकावणी देणारा खेळाडू ॲजाइल ठरतो. 'हाकणे, चालवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द आला. संस्कृतातील 'अज्' हा धातू त्याचाच आप्त. २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात जमलेल्या १७ संगणकतज्ज्ञांनी आपल्या कार्यपद्धतीला हे नाव दिले आणि पुढे तो कार्यालयांतही रुळला. 'निम्बल'मध्ये वेगाबरोबर हलकेपणा असतो. झरझर गजरा ओवणारी बोटे निम्बल होत. 'डेफ्ट'मध्ये वेगापेक्षा सफाईला महत्त्व आहे, तर 'अड्रॉइट' बहुधा बुद्धिचातुर्यासाठी योजतात. पत्रकारांचा अडचणीचा प्रश्न शिताफीने टोलविणारा मंत्री अड्रॉइट. त्याला ॲजाइल म्हटल्यास तो व्यासपीठावरून उडी मारतो आहे, असे चित्र उभे राहील!

हस्तलाघव दर्शविणारा शब्द 'डेक्स्टरस'. लॅटिनमध्ये 'डेक्स्टर' म्हणजे उजवा. आपला 'दक्षिण' हा शब्दही त्याच मुळाचा. पूर्वेकडे तोंड केले असता उजव्या हाताला येते ती दक्षिण दिशा. 'अड्रॉइट'च्या मुळाशी असलेल्या फ्रेंच शब्दाचा अर्थ सरळ, तसाच उजवाही. उलट, फ्रेंचमध्ये डावा या अर्थाचा 'गोश' इंग्रजीत अवघडलेल्या, बेंगरूळ वागण्यासाठी वापरतात. लॅटिनमध्ये डावा असलेला 'सिनिस्टर' तर इंग्रजीत अशुभसूचक झाला. दोन्ही हात सारखेच चालविणाऱ्यास 'ॲम्बिडेक्स्ट्रस' म्हणतात, म्हणजे ज्याचे दोन्ही हात उजवेच!

मराठीही या पक्षपातातून सुटलेली नाही. सरस ठरलेल्याला आपण 'उजवा' म्हणतो. तथापि, आपल्या परंपरेत डाव्या हाताने बाण सोडणाऱ्या अर्जुनाला 'सव्यसाची' हे गौरवाचे नाव मिळाले. त्यातील 'सव्य' म्हणजे डावा. उजव्या हाताने फलंदाजी करणारा सचिन तेंडुलकर लिहितो तो डाव्या हाताने.

शब्दांची व्युत्पत्ती बदलता येत नाही आणि ते वापरण्यात गैर काही नाही. मात्र, डावखुऱ्या मुलाची पेन्सिल हट्टाने उजव्या हातात देणाऱ्या पालकांनी व शिक्षकांनी एवढे ध्यानी घ्यावे, की उजव्या हाताचा हा मान भाषेने दिलेला आहे. कसब कोणत्याही हातात असू शकते.