प्रश्नावली आली आणि भत्ता थांबला : अमेरिकेतील अपंगत्व-लाभांच्या फेरतपासणीची हकिकत

मार्च १९७२. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील जॉर्ज एल्ड्रिज यांच्या घरी टपालाने एक प्रश्नावली आली. प्रकृती आता कशी आहे आणि अलीकडे कोणत्या डॉक्टरांचे उपचार घेतले, हे तिच्यात विचारले होते. जून १९६८ पासून त्यांना अपंगत्वाचा मासिक भत्ता मिळत होता. तो पुढे चालू राहावा की नाही, याचा निर्णय या कागदापासून सुरू होणार होता.

एल्ड्रिज यांनी प्रामाणिकपणे उत्तर लिहिले : सुधारणा नाही. डॉक्टरांची नावेही दिली. कार्यालयाने त्यांच्या डॉक्टरांचा आणि एका मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल मागवला. मग पत्र आले. मधुमेह आटोक्यात आहे, पाठीच्या हालचालीवर गंभीर मर्यादा नाही, मानसिक त्रासही काम करता येणार नाही इतका उरलेला नाही. सबब मे १९७२ मध्ये अपंगत्व संपले, असा प्राथमिक निष्कर्ष त्यात होता.

एल्ड्रिज यांनी लेखी हरकत घेतली. आपल्याला पाठीचा ताण नसून मणक्याचा संधिवात आहे, बाकी पुरावा तुमच्याकडे आहेच, एवढेच त्यांनी कळवले. निर्णय बदलला नाही. जुलैनंतर पैसे यायचे थांबले. निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणीही त्यांना समोर बसवून एक प्रश्नही विचारला नव्हता.

हा भत्ता म्हणजे सरकारी दानधर्म नव्हता. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ मध्ये ज्या कायद्यावर स्वाक्षरी केली, त्यातून ही विमा योजना उभी राहिली. कामगार नोकरीत असताना पगारातून वर्गणी भरतो आणि काम करणे अशक्य झाले की त्याच हक्काने पैसे घेतो, अशी तिची रचना. आरंभी ती ५० वर्षांवरील कामगारांपुरती होती. १९६० मध्ये वयाची ही अट गेली. पण अपंगत्व ही वृद्धत्वासारखी एकेरी वाट नाही. माणूस बरा होऊ शकतो. म्हणून अधूनमधून तपासणी करावी, हे तत्त्व कोणालाच अमान्य नव्हते. वाद दोन गोष्टींवर पेटला : तपासणीत नेमका प्रश्न कोणता विचारायचा, आणि वाद मिटेपर्यंत घर कशावर चालवायचे.

दुसरा प्रश्न एल्ड्रिज यांनी न्यायालयात नेला. भत्ता थांबवण्याआधी तोंडी सुनावणी द्या, ही त्यांची मागणी. त्यांच्या बाजूला १९७० चा एक मोठा निकाल होता. गोल्डबर्ग विरुद्ध केली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरिबांचे सरकारी साहाय्य सुनावणीविना थांबवता येणार नाही, असे ठरवले होते. खालच्या दोन्ही न्यायालयांनी एल्ड्रिज यांच्या बाजूने कौल दिला.

सर्वोच्च न्यायालयाने २४ फेब्रुवारी १९७६ रोजी तो फिरवला. न्यायमूर्ती पॉवेल यांनी बहुमताचा निकाल लिहिला. अपंगत्वाचा भत्ता गरिबीवर अवलंबून नसतो, त्यामुळे तो थांबल्यास होणारी हानी तुलनेने कमी. शिवाय हा निर्णय तज्ज्ञांच्या वैद्यकीय अहवालांवर होतो, तिथे समोरासमोर ऐकण्याची तेवढी गरज नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. सुनावणी नंतर मिळेल. मात्र भत्ता थांबल्यापासून अंतिम निर्णय येईपर्यंत एका वर्षाहून अधिक काळ जातो, हे याच निकालपत्रात नोंदलेले आहे.

न्यायमूर्ती ब्रेनन यांनी भिन्नमत लिहिले आणि न्यायमूर्ती मार्शल त्यात सामील झाले. भिन्नमत लहानसे आहे, पण त्यातले एक वाक्य विसरता येत नाही : भत्ता थांबल्यावर एल्ड्रिज यांचे घर कर्जापोटी जप्त झाले, सामानसुमान उचलून नेले गेले आणि सारे कुटुंब एकाच पलंगावर झोपू लागले. हानी ‘तुलनेने कमी’ म्हणजे किती, याचे याहून नेमके मोजमाप त्या निकालपत्रात दुसरे नाही.

विधिमहाविद्यालयांत हा खटला आजही शिकवला जातो तो त्यातील त्रिसूत्री कसोटीसाठी : नागरिकाचे हित, चुकीच्या निर्णयाचा धोका आणि सरकारवर पडणारा बोजा यांचा तोल. पलंगाची गोष्ट बहुधा तळटिपेत जाते.

१९७६ मध्येच आणखी एक बदल झाला, तोही गाजावाजा न होता. तोवर प्रकृती सुधारल्याचा पुरावा असल्याशिवाय भत्ता थांबवायचा नाही, असे धोरण सोशल सिक्युरिटी खाते पाळीत असे. त्या वर्षी ते सोडून देण्यात आले. यापुढे प्रत्येक तपासणी म्हणजे नवा अर्ज. ‘तुम्ही बरे झालात का?’ हा प्रश्न गेला. ‘आजच्या निकषांनुसार तुम्ही अपंग आहात, हे सिद्ध करा’ हा आला. वरवर पाहता फरक शब्दांचा वाटतो. पण निकष दरम्यान कडक झाले असतील, तर ज्याच्या प्रकृतीत तिळमात्र फरक पडलेला नाही, असा माणूसही एका सकाळी कागदोपत्री धडधाकट ठरू शकत होता.

तसे हजारोंच्या बाबतीत घडले. जून १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी एका सुधारणा कायद्यावर स्वाक्षरी केली. ज्यांचे अपंगत्व कायमचे मानलेले नाही, त्यांची किमान तीन वर्षांतून एकदा तपासणी करावी, असे त्यात होते. अंमल जानेवारी १९८२ पासून अपेक्षित होता. परंतु १९८१ च्या आरंभी सत्तेवर आलेल्या रेगन सरकारला खर्चात काटछाट हवी होती, आणि सुमारे २० टक्के लाभार्थी अपात्र असू शकतील, असा संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा अंदाज हाताशी आला होता. तपासण्या मार्च १९८१ मध्येच सुरू झाल्या.

पुढील तीन वर्षांत सुमारे १२ लाख लोकांची प्रकरणे उघडली गेली आणि जवळपास ५ लाख जणांना भत्ता थांबल्याची पत्रे गेली. जे अपील करून प्रशासकीय न्यायाधीशांसमोर उभे राहिले, त्यांच्यापैकी निम्म्याहून कितीतरी अधिक जिंकले. कारण साधे होते. तो न्यायाधीश हा संपूर्ण साखळीतला पहिला असा माणूस होता, ज्याने अर्जदाराला डोळ्यांनी पाहिले.

सर्वाधिक हाल मानसिक आजार असलेल्यांचे झाले. भ्रमाने ग्रासलेल्या माणसाने पाकीट उघडायचे, मुदत लक्षात ठेवायची आणि डॉक्टरांचे दाखले गोळा करायचे, ही अपेक्षाच विपरीत होती. अखेर न्यूयॉर्क शहर स्वतः वादी म्हणून न्यायालयात गेले, कारण भत्ता बंद झालेली माणसे शहराच्या निवाऱ्यांत आणि रुग्णालयांत येऊन पडत होती. वॉशिंग्टनची बचत महापालिकेच्या खर्चात उमटत होती. जानेवारी १९८४ मध्ये न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. ठरावीक यादीत न बसणारा मनोरुग्ण काम करू शकतोच, असे गृहीत धरण्याचे अघोषित धोरण खात्यात राबवले जात होते, हे त्यांनी उघड केले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शहराच्याच बाजूने निर्णय दिला.

पण देशाला हलवले ते एका सैनिकाने. मास्टर सार्जंट रॉय बेनाविडेझ यांनी २ मे १९६८ रोजी व्हिएतनाम युद्धात वेढ्यात अडकलेल्या सहकाऱ्यांना वाचवताना अंगावर ३७ जखमा झेलल्या होत्या. २४ फेब्रुवारी १९८१ रोजी, एल्ड्रिज निकालाला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, अध्यक्ष रेगन यांनी त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ हा सर्वोच्च लष्करी सन्मान दिला. मानपत्र अध्यक्षांनी स्वतः वाचून दाखवले.

दोन वर्षांनी त्याच सरकारच्या खात्याने त्यांना काम करण्यास सक्षम ठरवले आणि सोशल सिक्युरिटीचा भत्ता थांबवला. शरीरात तोफगोळ्याचे तुकडे तसेच होते. बेनाविडेझ गप्प बसले नाहीत. वृत्तपत्रांत बातमी झळकली आणि जून १९८३ मध्ये त्यांनी प्रतिनिधीगृहाच्या वृद्धांविषयक समितीपुढे साक्ष दिली. पदक असलेल्या माणसाची ही गत, तर बिनपदकाच्या माणसाचे काय, हा प्रश्न त्यानंतर टाळणे अवघड झाले. त्यांचा भत्ता पुढे पूर्ववत झाला.

एव्हाना राज्ये बंड करू लागली होती. पैसा केंद्राचा असला, तरी तपासणीचे प्रत्यक्ष काम राज्यांची कार्यालये करीत. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांनी भत्ते थांबवण्याचे काम करण्यास नकार दिला. १९८४ च्या वसंतापर्यंत निम्म्याहून अधिक राज्यांत, कुठे स्वेच्छेने तर कुठे न्यायालयाच्या आदेशाने, जुनी पद्धत ठप्प होती. आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांना एप्रिलमध्ये देशभर तपासण्या स्थगित कराव्या लागल्या.

९ ऑक्टोबर १९८४ रोजी रेगन यांनीच नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली. दोन्ही सभागृहांत अंतिम मसुद्याच्या विरोधात एकही मत पडले नव्हते. या कायद्याने १९७६ मध्ये सोडलेला प्रश्न परत आणला : काही ठरावीक अपवाद वगळता, प्रकृतीत सुधारणा झाल्याचा आणि माणूस काम करू शकतो याचा भक्कम पुरावा असल्याशिवाय भत्ता थांबवता येणार नाही. अनेक लहान व्याधी असतील, तर त्यांचा एकत्रित परिणाम पाहावा लागेल. मानसिक आजारांचे निकष नव्याने लिहावे लागतील, आणि तोवर त्यांवर आधारित तपासण्या बंद राहतील.

एल्ड्रिज यांनी मागितलेली गोष्ट न्यायालयाने नाकारली होती. ती संसदेने वेगळ्या वाटेने दिली : प्रशासकीय न्यायाधीशाचा निर्णय येईपर्यंत भत्ता चालू ठेवण्याची मुभा. जानेवारी १९८३ मध्ये ही सवलत तात्पुरती म्हणून आली होती.

आज फेरतपासणीचे वेळापत्रक प्रकृतीनुसार ठरते. सुधारणेची अपेक्षा असेल तर ६ ते १८ महिन्यांत, शक्यता असेल तर साधारण तीन वर्षांनी, अपेक्षा नसेल तर ५ ते ७ वर्षांनी. १९९३ पासून अनेकांना आधी फक्त एक छोटा टपाली अर्ज येतो; त्यावरील उत्तरे पाहून संपूर्ण तपासणी करायची की नाही, ते ठरते.

भत्ता थांबल्याचे पत्र आलेच, तर अपिलासाठी ६० दिवस मिळतात. पण अपील चालू असताना पैसे मिळत राहावेत असे वाटत असेल, तर ते वेगळे लिहून द्यावे लागते, आणि त्याची मुदत १० दिवसांची. अपील हरल्यास दरम्यान घेतलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते. ती माफ व्हावी, यासाठी पुन्हा एक अर्ज असतो.