घरचा कॉम्प्युटर किती वर्षांनी बदलायचा? दुकानात जाण्याआधी हे तपासा

‘विंडोज १० बंद झालं, आता नवीन कॉम्प्युटर घ्यावाच लागेल,’ असं सध्या अनेकांना सांगितलं जातंय. मुलांचे फॉर्म, सातबारा, बँकेचं काम यासाठी घेतलेला कॉम्प्युटर लगेच भंगारात काढू नका. सॉफ्टवेअर आणि मशीन यांचा हिशेब वेगवेगळा आहे.

सॉफ्टवेअर : दर महिन्याला

विंडोजचे सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. ते मोफत असतात. ‘नेट संपतं’ म्हणून बरेच जण ते थांबवून ठेवतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातल्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरमधल्या फाइली अडकवून पैसे मागितले. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिचं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, ते सापडले.

मोठा बदल : साधारण दहा वर्षांनी

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय. सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही. पण नवीन सापडलेल्या त्रुटी कुणी बुजवत नाही. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करू नयेत.

विंडोज १० असेल तर तीन मार्ग

१) विंडोज ११ : यासाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा सोय लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. म्हणजे आय५-७२०० चालत नाही, आय५-८२५० चालतो. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अ‍ॅप टाकलं की तुमचं मशीन बसतं की नाही, ते कळतं.

२) वाढीव मुदत : १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची योजना आहे. सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडून नोंदणी करायची. मायक्रोसॉफ्ट खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, तर पैसे लागत नाहीत.

३) लिनक्स मिंट : हे मोफत असून जुन्या मशीनवरही चालतं. ब्राउझर, पत्रलेखन, व्हिडिओ यांना पुरेसं आहे. मात्र टॅलीसारखी विंडोजसाठीच बनवलेली सॉफ्टवेअर लागत असतील, तर आधी चौकशी करा.

हार्डवेअर : अडलं तरच

कॉम्प्युटर स्लो झाला म्हणजे म्हातारा झाला असं नाही. बहुतेक वेळा दोष फिरणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली की चालू व्हायला लागणारी मिनिटं सेकंदांवर येतात. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. हा खर्च नवीन मशीनपेक्षा खूप कमी असतो.

तारीख-वेळ सारखी चुकते आणि वेबसाइट उघडत नाहीत? मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलून बघा. पंख्यात धूळ साचली की मशीन तापतं आणि मंदावतं. ती वर्षातून एकदा तरी साफ करून घ्या.

मग नवीन कधी घ्यायचा?

मदरबोर्ड गेला असेल, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल किंवा तुमच्या कामाचं सॉफ्टवेअर चालतच नसेल, तर नवीन घ्या. जुना कॉम्प्युटर ‘स्वस्तात’ घेताना त्यात विंडोज ११ बसतं का, हे दुकानदाराला समोर दाखवायला लावा. नाहीतर वर्षभरात पुन्हा तोच प्रश्न उभा राहील.

आणि काहीही बदलण्याआधी फोटो, दाखले, हिशेबाच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. मशीन पुन्हा मिळेल, त्या फाइली मिळणार नाहीत.