१ मे १८८४ : यष्टीमागे नव्हे, होमप्लेटमागे उभा राहिलेला वॉकर

अमेरिकेतील लुइव्हिल येथे या दिवशी मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडो ब्लू स्टॉकिंग्ज संघाकडून मेजर लीग बेसबॉलचा पहिला सामना खेळला. ओहायोत १८५६ साली जन्मलेला, ओबर्लिन कॉलेजात शिकलेला वॉकर कॅचर, म्हणजे फलंदाजामागे उभा राहून चेंडू झेलणारा खेळाडू होता. आजच्यासारखे जाड गादीचे ग्लोव्ह्ज तेव्हा नव्हते. वेगवान चेंडू जवळजवळ उघड्या हातांनी झेलावे लागत. त्यातून त्याच्याच संघाचा पिचर (चेंडू फेकणारा) टोनी मुलेन त्याच्या खुणा मुद्दाम पाळत नसे. म्हणजे कोणता चेंडू येणार हे ठाऊक नसताना तो अडवायचा! आपण ज्यांच्यासोबत खेळलो त्यांतला हा सर्वोत्तम कॅचर, अशी कबुली मुलेनने पुढे स्वतःच दिली. खुणा न पाळण्यामागे वर्णद्वेष होता, हेही सांगितले. त्या मोसमात वॉकर ४२ सामने खेळला. धाकटा भाऊ वेल्डी यालाही पाच सामने मिळाले.

१८८७ मध्ये इंटरनॅशनल लीग या दुय्यम स्तरावरील स्पर्धेच्या क्लबांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचा ठराव केला. १८८९ नंतर वॉकरलाही व्यावसायिक संघ उरला नाही. कृष्णवर्णीयांसाठी मेजर लीगचे दार पुन्हा उघडले ते १९४७ मध्ये, जॅकी रॉबिन्सन या खेळाडूसाठी. वॉकरचे निधन १९२४ सालीच झाले होते.