'इनॲडिक्वेट' म्हणजे नुसतं अपुरं नव्हे

आजचा शब्द इंग्रजी आहे, पण तो मला नीट कळला तो मी राहतो त्या नेरूळच्या जमिनीमुळे. शब्द आहे 'इनॲडिक्वेट'.

शब्दकोश सांगतो: अपुरा. डब्यात तांदूळ अपुरे, तसं. पण शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'ईक्वस' आहे, म्हणजे समान. त्यामुळे खरा अर्थ होतो 'बरोबरीला न पोचलेलं'. आता प्रश्न असा, की कशाच्या बरोबरीला?

1953 मध्ये बेला बॅनर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरपाई गेलेल्या मालमत्तेच्या मोलाइतकी हवी. 1955 मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली. कायद्याने ठरवलेली भरपाई 'ॲडिक्वेट' नाही, एवढ्याच कारणावरून त्या कायद्याला कोर्टात आव्हान देता येणार नाही, असं ठरलं. एका विशेषणावर दार बंद!

1970 मध्ये सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्यात नेरूळही होतं. भातखाचरं गेली, मिठागरं गेली. 1894 च्या भूसंपादन कायद्यात हिशेब अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाने व्हायचा. उद्या शहर उभं राहिल्यावर जमिनीला जे मोल येणार, ते मोजायचं नाही, असं कायद्यातच होतं.

त्यात आणखी एक मेख. रक्कम अपुरी आहे अशी हरकत राखून पैसे घेतले, तरच वाढीव भरपाईसाठी कोर्टाचा मार्ग उघडा. हरकत न नोंदवता पैसे घेतले, की तो हक्क गेला. आता सांगा, शेतावरून थेट कचेरीत आलेल्या माणसाला हे कोण समजावणार?

जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन पेटलं. जासई परिसरात 16 आणि 17 तारखेच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे 1990 मध्ये साडेबारा टक्के योजना आली. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत द्यायची. म्हणजे भाताच्या भावाने केलेली मोजणी पुरेशी नव्हती, हे सरकारनेही एका अर्थी मान्यच केलं.

म्हणून हा शब्द कुणी वापरला, की 'किती कमी?' एवढंच विचारू नका. 'कशाच्या मानाने कमी?' हेही विचारा. माप कोण धरतं, त्यावर सगळं ठरतं. भेटू पुढच्या भागात.